विमान उतरविण्याची विद्या



वर्तकनगरात युनियनचे काम करता करता, पन्नाशीत आम्हांस रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडविण्याचा नाद लागला. उडविणे सोपे, उतरविणे कठीण. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. तेव्हा जो पंख झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी न्यावी. वाऱ्याला तोंड देऊन यावे, इंजिनाचा जोर हळूहळू काढावा, जमिनीलगत नाक किंचित उचलावे. घाबरून एकदम उचलले, तर वेग सरतो नि विमान आदळते. आमची तीन अशीच मोडली.

संपाचेही असेच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणून हाक देण्यापूर्वी आम्ही आता उतरण्याची जागा पाहतो.