तीस कोटींत एक



लहानपणी आमची आजी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडावयास बसे. आम्ही मुले भोवती बसून कोणाला अधिक खडे सापडतात याची पैज लावीत असू. एके दिवशी माझ्या वाट्याच्या तांदळात एकही खडा निघेना. मी रडकुंडीस येऊन म्हणालो, "आजी, यात काहीच नाही!" आजी हसून म्हणाली, "काहीच नाही कसे? हा तांदूळ स्वच्छ आहे, एवढे तर कळले ना?"

आजीचे ते बोल मला अलीकडे वारंवार आठवतात, ते एका अगदी निराळ्या प्रकारच्या निवडण्याविषयी वाचताना. कल्पना करा की शंभर किलोची साठ पोती तांदूळ आपल्यापुढे ओतला आहे. त्यात दाणे असतील सुमारे तीस कोटी. आणि त्यांतला एकच दाणा हवा आहे. पदार्थविज्ञानाच्या पंडितांनी असा एक दाणा शोधण्यात जवळजवळ तीस वर्षे घालविली. त्या शोधाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

या हकीकतीचा नायक आहे 'बी-एस मेसॉन' नावाचा एक जड कण. प्रोटॉनच्या पाचपटींहून अधिक त्याचे वजन, पण आयुष्य मात्र एका सेकंदाच्या दशलक्षांशाच्याही सुमारे दीड दशलक्षांश! एवढ्यात तो फुटून हलक्या कणांत विखुरतो. या फुटण्यालाच क्षय म्हणतात. तथापि तो अतिवेगाने धावत असल्यामुळे फुटण्यापूर्वी काही मिलिमीटर अंतर कापतो. धावणाऱ्या कणाचे आयुष्य आपल्या घड्याळाप्रमाणे लांबलेले दिसले पाहिजे, ही गोष्ट १९३८ साली मेसॉनच्या संदर्भात मांडणारे शास्त्रज्ञ होते आपले डॉ. होमी भाभा.

बी-एस मेसॉन नाना रीतींनी फुटतो. त्यांतली एक रीत विलक्षण दुर्मिळ आहे. या रीतीने फुटला, तर त्यातून दोनच म्यूऑन बाहेर पडतात. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे दोनशे पटींनी जड असा भाऊबंद. तो काही परका नव्हे; आकाशातून येणारे म्यूऑन आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखादा या हिशेबाने जातच असतात. आता ही रीत इतकी दुर्मिळ का? कारण निसर्गाने तिचा सरळ रस्ता बंद ठेवला आहे. मेसॉनला आडवळणाने जावे लागते, आणि त्या आडवळणावर इतर अतिजड कणांची क्षणभर मदत घ्यावी लागते. आज मान्य असलेला सिद्धांत सांगतो की असे तीस कोटींत साधारण एकदा घडेल.

आणि येथेच या शोधाचे खरे महत्त्व आहे. त्या आडवळणावर आपल्याला अज्ञात असा एखादा कण दबा धरून बसला असेल, तर हे प्रमाण बदलेल. तो कण इतका जड असेल की कोणत्याही यंत्रात निर्माण करता येणार नाही. तरी प्रमाणात पडलेला फरक त्याची चाहूल देईल. घरात पाहुणा आला आहे हे आपण कधी कधी दाराबाहेरच्या वहाणांवरून ओळखतो, तसेच हे.

हा शोध १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. यंत्रामागून यंत्रे झाली; प्रत्येकाने सांगितले, "आम्हांस दिसला नाही; म्हणजे प्रमाण याहून अधिक असणार नाही." आजीच्या शब्दांत, एवढा तांदूळ स्वच्छ निघाला. अखेर काम येऊन पडले जिनीव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या महायंत्राकडे. जमिनीखाली सुमारे शंभर मीटरांवर, सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात तेथे प्रोटॉनांचे पुंजके समोरासमोर आदळविले जातात. २०१२ साली हिग्ज कण सापडला तो याच यंत्रात.

आपण भोपाळकर म्हणू, जिनीव्हा कोठे आणि आपण कोठे! वस्तुतः ते यंत्र आपल्या शेजारच्या इंदुरावर उभे आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्या बोगद्यातील प्रोटॉनांना वळविणारी १२३२ चुंबके आहेत. प्रत्येकाची लांबी पंधरा मीटर आणि वजन सुमारे पस्तीस टन. ही धुडे केसाच्या जाडीइतक्या अचूकतेने जागेवर बसवावी लागतात. त्यासाठी प्रत्येकाखाली तीन जॅक आहेत. मोटारीचे चाक बदलताना आपण वापरतो त्याच जातीचे, पण फार नाजूक कामाचे. असे जवळपास सात हजार जॅक भारताने दिले आणि त्यांची योजना केली इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने. या शोधात भाग घेतलेल्या सी.एम.एस. नामक चौदा हजार टनी उपकरणाचा एक भाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने मिळून घडविला.

तेथे दर सेकंदाला चार कोटी वेळा पुंजके एकमेकांना छेदतात. एवढे सारे नोंदवून ठेवणे अशक्य. म्हणून यंत्रेच चाळणी लावून मोजक्या नोंदी तेवढ्या ठेवतात. त्यांत दोन म्यूऑन दिसले की त्यांच्या दिशा व वेग यांवरून मूळ कणाचे वजन काढावयाचे. ते बी-एस मेसॉनच्या वजनाशी जुळले, तर संशयित सापडला. परंतु दोन निराळ्या ठिकाणाहून आलेले म्यूऑनही योगायोगाने असे सोंग आणू शकतात. खरा कोणता आणि सोंगाड्या कोणता, हे ठरविण्यासाठी कसोट्या लावाव्या लागतात. आणि माणसाची परीक्षा होते ती नेमकी येथे.

श्रोतेहो, मी शाळामास्तर आहे. काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेचे गणिताचे पेपर तपासताना एका गरीब व हुशार मुलाचा पेपर मी अक्षरावरून ओळखला. रीत बरोबर, उत्तर चूक. त्याच चुकीला आधीच्या वीस मुलांचे मी दोन गुण कापले होते. याचा एकच कापला. मनाशी म्हटले, "रीत किती सुंदर मांडली आहे!" त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून सर्व पेपर पुन्हा काढले व सर्वांना एकच नियम लावला. त्या मुलाचा पहिला नंबर गेला आणि त्याबरोबर मिळणारी पुस्तकेही गेली. तेव्हापासून मी गुणांची वाटणी आधी कागदावर लिहितो, पेपरावरील नाव दुमडतो आणि मगच लाल पेन्सिल हाती घेतो.

या शास्त्रज्ञांनीही नेमके तेच केले. वजनाच्या आलेखावर जेथे बी-एस मेसॉन दिसावयाचा, तो पट्टा त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांपासून झाकून ठेवला. दोन्ही बाजूंचा आलेख पाहून सोंगाडे किती असतील याचा अंदाज केला, कसोट्या पक्क्या केल्या, आणि त्यानंतरच पडदा उघडला. आवडते उत्तर दिसल्यावर कसोटी सैल करण्याचा मोह विद्वानांनाही होतो, हे त्यांनी मान्य केले होते!

२०१३ साली सी.एम.एस. व एल.एच.सी.बी. या दोन्ही गटांना तो दाणा दिसू लागला. २०१५ साली दोघांनी आपल्या नोंदी एकत्र करून 'नेचर' पत्रात निष्कर्ष प्रसिद्ध केला. केवळ योगायोगाने असे दिसण्याचा संभव पस्तीस लाखांत एकाहून कमी असेल, तरच शोध लागला असे म्हणावयाचे, हा त्यांचा दंडक. तो येथे पुरेपूर पाळला गेला. आणि प्रमाण? शंभर कोटींत सुमारे तीन, म्हणजे सिद्धांताशी जुळणारे. अज्ञात पाहुण्याच्या वहाणा दाराशी नव्हत्या. ज्यांनी त्याच्या स्वागतासाठी मोठमोठे सिद्धांत रचले होते, त्यांतील अनेकांना ते आवरते घ्यावे लागले.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट होती. या मेसॉनच्या भावंडाचा असाच, पण याहूनही दुर्मिळ क्षय अपेक्षेच्या जवळजवळ चौपट दिसत होता. केवढी खळबळ उडवून देता आली असती! परंतु पुरावा दंडकास पुरत नाही, म्हणून त्यास शोध म्हटले नाही. पुढे अधिक नोंदी जमल्या, तेव्हा ते आधिक्य विरून गेले. तो क्षय निश्चितपणे दिसल्याची ग्वाही अद्याप कोणी दिलेली नाही. निवडणे चालूच आहे.

त्या मुलाला मी पुढे सर्व सांगितले. तो म्हणाला, "सर, मग माझा नंबर तिसराच होता ना?" मी म्हटले, "होय." तो म्हणाला, "मग बरोबर आहे." पुस्तके मी त्याला माझ्याजवळची दिली, पण नंबर मात्र जो होता तोच राहिला.