आपण ऐकतो एक, समोरचा म्हणतो दुसरंच
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला दहा मिनिटे दिली आहेत. पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस वेळेच्या बाबतीत चोख असतो, तेव्हा घाबरू नका.

आज आपल्या जवळजवळ प्रत्येक विंगमधलं कुणी ना कुणी परदेशात आहे आणि आपण आजी-आजोबा सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतो. म्हणून विषय निवडला इंग्रजीचा. इंग्रजी येत नाही म्हणून होणारे घोटाळे सगळ्यांना माहीत आहेत. मी सांगणार आहे ते दोघांनाही इंग्रजी येत असताना होणारे.

सुरुवात साध्या गोष्टीपासून करतो. आपण इंग्रजांकडून शिकलो, म्हणून आपला ‘फर्स्ट फ्लोअर’ जिना चढून गेल्यावर येतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तळमजल्यालाच ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणतात. तारखेचंही तेच. 3/4 म्हणजे आपल्याला 3 एप्रिल, त्यांना 4 मार्च. ‘बिलियन’ म्हणजे अमेरिकेत शंभर कोटी, पण इंग्लंडमध्ये पूर्वी तोच शब्द दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एक लाख कोटींसाठी वापरत. 1974 साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी सरकारी कामकाजात अमेरिकन अर्थच धरला जाईल असं सांगितलं. बँकवाल्याला हे ऐकून घाम फुटतो!

दुसऱ्या महायुद्धातला एक किस्सा चर्चिल यांनी लिहून ठेवला आहे. इंग्रज अधिकारी एक कागद ‘टेबल’ करा म्हणत होते, म्हणजे ताबडतोब चर्चेला घ्या. आपल्याकडे सभापटलावर ठेवतात, तसंच. अमेरिकनांच्या भाषेत ‘टेबल’ म्हणजे बाजूला सारा. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि शेवटी कळलं की दोघांचं म्हणणं एकच आहे.

हसू येतं, पण कोरियात असं बोलणं जिवावर बेतलं. एप्रिल 1951 मध्ये इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या ब्रिटिश तुकडीला चिनी सैन्याने घेरलं होतं. ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं, की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. इंग्रज माणसाच्या तोंडी याचा अर्थ ‘आता काही खरं नाही’. अमेरिकनाला वाटलं, थोडी अडचण आहे, निभावून नेतील. वेळेवर माघारीचा हुकूम आला नाही, असं सांगितलं जातं. त्या तुकडीतले बहुतेक जण मारले गेले किंवा कैद झाले.

आता माझी गोष्ट. आजवर घराबाहेर सांगितलेली नाही. आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला होतो. सौ.ची थायरॉइडची गोळी तिकडच्या औषधाच्या दुकानातून घेतली. लेक ऑफिसला गेलेली, म्हणून फोनवर मीच विचारलं, ही गोळी कॅल्शियमबरोबर चालेल का? पलीकडून बाई म्हणाल्या आणि मी ऐकलं, ‘यू कॅन’. मी ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला. दीड महिना मी स्वतःच्या हाताने दोन्ही गोळ्या एकदम देत होतो. सौ. दिवसभर गळून बसायच्या. मी म्हणायचो, थंडीमुळे असेल. शेवटी रक्त तपासलं, तर थायरॉइड पार बिघडलेलं. कॅल्शियममुळे ती गोळी अंगी नीट लागत नाही. मध्ये चार तास जावे लागतात.

त्या बाई ‘कॅन्ट’ म्हणाल्या होत्या. आपण शाळेत ‘कान्ट’ शिकलो. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ‘ट’ गिळून टाकतो. उलट होकाराचा ‘कॅन’ तो इतका हलका उच्चारतो की नुसता ‘क्न’ ऐकू येतो. म्हणजे ठासून ‘कॅन’ ऐकू आलं, तर तिथे नकार असण्याचाच संभव जास्त. हे मला नातवाने शिकवलं, वयाच्या नवव्या वर्षी.

चूक उच्चाराची नव्हती. ‘पुन्हा सांगता का?’ विचारायची मला लाज वाटली. इतकी वर्षे इंग्रजीत पत्रव्यवहार केलेला माणूस मी! सौ. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

चेकवर आपण रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहितो. फरक पडला, तर कायद्याने अक्षरी रक्कम धरतात. बोलतानाही तेच करा. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: ‘म्हणजे द्यायची नाही, बरोबर?’ तारखेत महिन्याचं नाव लिहा. औषधाचं तर लिहूनच मागा. आणि पलीकडचा गप्प झाला, तर त्याला सगळं कळलं असं समजू नका.

सौ. आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, ठणठणीत आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगितलं. आणि ती परवानगी मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.