वायद्याचा फळा कुणी पुसला?



जूनमध्ये सोयाबीन पेरताना बियाणं, खत, फवारणी, सगळ्याचा भाव ठाऊक असतो. ऑक्टोबरात माल काय भावानं जाईल, तेवढंच ठाऊक नसतं. वायदे बाजारात तो अंदाज पेरणीच्या वेळीच फळ्यावर दिसतो. पटला तर वायदा विकून ठेवायचा. बाजार क्विंटलमागं पाचशेनं पडला, तर मालात गेलेले पाचशे वायद्यात बरेचसे भरून निघतात. चढला, तर वरचे पाचशे सोडावे लागतात. पण सावकाराला काय सांगू, ही चिंता राहत नाही.

सेबीनं 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, गहू, हरभऱ्यासह सात मालांचे वायदे बंद केले. गहू तेव्हा शेतात उभा होता! बंदी म्हणे एका वर्षाची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, थेट 31 मार्च 2026 पर्यंत. कारण महागाईचं. 2007 मध्येही तूर, उडीद, गहू, तांदळाचे वायदे असेच बंद झाले. सरकारनंच नेमलेल्या अभिजित सेन समितीला 2008 मध्ये त्यांचा महागाईशी संबंध सिद्ध करता आला नाही.

सट्टा होतो म्हणतात. होतो की! आपली जोखीम उचलायला समोर कुणी नको? दहा पोतीवाल्याला एकट्याला हे झेपत नाही, हे खरं. सौदा टनांत, वर मार्जिनचा पैसा. म्हणून उत्पादक कंपनीमार्फत जायचं. फळा पुसला, तरी तेलगिरणीवाला शिकागोचा भाव बघतोच. आंधळे झालो ते आपण.

आजच्या ठरावात एवढंच घाला: पेरणी झाल्यावर त्या पिकाच्या वायद्याला, माल विकून होईपर्यंत, सरकारनं हात लावायचा नाही.