रोडियांच्या वस्तीत
(युवक शिबिरातील भाषण)



विषय मोठा दिलाय मला. जागतिक विकास आणि शांतता यांना बौद्धांचं योगदान. असल्या विषयाला सूट लागतो, परिषद लागते, पांढरी कबुतरं लागतात. १९९९ साली युनोच्या आमसभेने वैशाखी पौर्णिमेला मान्यता दिली, चांगलं झालं. पण मी तुम्हाला युनोत नेत नाही, एका वस्तीत नेतो.

श्रीलंकेत रोडिया नावाची जात आहे. रोडिया म्हणजे तिथले आपणच. कँडीच्या राजवटीत त्यांना जमीन कसायची मुभा नव्हती, भीक मागून जगायचं. कमरेच्या वर वस्त्र घ्यायलाही बंदी, बायकांना सुद्धा. आणि राजा कोण? बौद्ध. विहार बौद्ध, रोडियाही बौद्ध! ज्या बुद्धाने उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, त्याच्याच नावाने १७५३ साली तिथे सियाम निकाय उभा राहिला आणि पुढे त्यात भिक्षू व्हायचं तर गोविगम जातीचंच पाहिजे, असा दंडक पडला. बाकीच्या जातींना दीक्षेसाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जावं लागलं. त्यातून १८०३ साली अमरपुर निकाय निघाला. तेव्हा नुसतं बौद्ध झालं की जात आपोआप मरते, असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर त्याला हा इतिहास सांगा.

आता १९५८ साल घ्या. कोलंबोच्या नालंदा कॉलेजात आरियरत्ने नावाचा एक तरुण मास्तर. तो आपले विद्यार्थी आणि काही शिक्षक घेऊन कनातोलुवा या रोडियांच्या गावात गेला. भाषण द्यायला नाही. विहिरी, संडास खणायला. शहरातली पोरं रोडियांच्या घरात राहिली, त्यांच्याबरोबर जेवली, त्यांच्याबरोबर माती उपसली. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली आणि हजारो खेड्यांत पसरली. आरियरत्ने २०२४ साली वारले.

सर्वोदय म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, मला दिसतंय! विनोबा, भूदान, पडीक जमिनीचे तुकडे आठवले. शब्द त्याने गांधींकडूनच घेतला. पण त्याला अर्थ दिला सर्वांच्या जागृतीचा, बोधीचा. आणि श्रमदान? आपल्या बापजाद्यांनी दान कधी केलं नाही, त्यांच्याकडून वेठ उकळली गेली. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा. महार वतन कायद्याने जायला १९५९ उजाडलं. म्हणून ज्याची वेठ झाली त्याच्यापुढे श्रमदानाचं कीर्तन करणाऱ्याचा मला राग येतो. कनातोलुवात गोष्ट उलटी होती. ज्यांच्या हाताला कधी घट्टा पडला नव्हता त्यांनी फावडं धरलं. दान त्यांनी द्यायचं होतं. मला त्या गावातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पण भाबडं होऊ नका. त्याच देशात १९५६ ला ‘फक्त सिंहली’चा कायदा झाला, चीवरधारी त्यासाठी रस्त्यावर उतरले. १९८३ च्या जुलैत तमिळांची घरं जळली. युद्ध २००९ पर्यंत चाललं. सर्वोदयवाल्यांनी दंगलीत लोकांना आसरा दिला, शांतिसभा भरवल्या, पण युद्ध काही थांबलं नाही. फावड्याने विहीर खणता येते, सरकार नाही बदलता येत. ही त्या चळवळीची मर्यादा आहे, ती झाकून काय उपयोग?

म्यानमारचंही तेच. २००७ साली भिक्षूंनी लष्करशहांच्या भिक्षेपुढे आपली पात्रं पालथी घातली. बौद्धाच्या लेखी याहून मोठा बहिष्कार नाही. त्याच भूमीत काही भिक्षू मुसलमानांविरुद्ध विष ओकत होते आणि २०१७ साली सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेव्हा शांतता चीवराच्या रंगात नसते, पात्र कोणापुढे पालथं पडतं यावर ठरते.

कूटदंत सुत्तात बुद्धाने गोष्ट सांगितलीय. चोऱ्यामाऱ्या माजल्यात, राजा यज्ञ करायला निघालाय. पुरोहित म्हणतो, फाशी देऊन भागणार नाही, शेतकऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला मजुरी दे. मग लोक दारं उघडी टाकून राहतील. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब विकासवाल्यांना अजून जमत नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध की मार्क्स हा प्रश्न घेऊन उभे राहिले, ते याच हिशेबासाठी. दारिद्र्य आणि शोषण हटलं पाहिजे, पण बंदुकीच्या आणि हुकूमशहाच्या जोरावर नको. दोन आठवड्यांनी ते गेले.

आता आपल्यापुरतं. आपण स्वतःला रोडिया समजतो, बरोबर आहे. पण शहरात आपल्या वस्तीच्या पलीकडच्या अंगाला गटारात उतरणाऱ्यांची वस्ती असते. त्यांच्या हातचं पाणी आपल्या किती घरांत चालतं? मातंगांच्या पोरीशी लग्न म्हटलं की किती बाप बुद्धवंदना थांबवून उठतात? तिथे आपण कोण, रोडिया की गोविगम?

येत्या रविवारी त्याच वस्तीत जायचं ठरलंय. सकाळी सातला, विहारापासून निघू. नाल्याकाठच्या संडासांचं काम आहे, महापालिकेत अर्जही द्यायचाय. फोटोवाला नको. आणि जेवण त्यांच्याच घरी, डबा कोणी आणायचा नाही.