धान्याची माती आणि देहातील सेलेनियम



याच भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले आणि महाडला राहून विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन या औषधाच्या योगाने मृत्यूच्या दारातून परत आणणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा परिचय भोकरदनकरांना करून देणे अनावश्यक आहे. परंतु आज त्यांचे नाव मी घेतो ते विंचवाच्या नव्हे, तर गव्हाच्या संदर्भात.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा आदी गावांतील माणसांच्या डोक्याला प्रथम खाज सुटे, मग केसांत हात फिरविताच केस मुळासकट बोटांत येत, आणि तीन-चार दिवसांत डोके तुळतुळीत होई. कॉलेजात जाणाऱ्या मुली लाजेने घराबाहेर पडेनाशा झाल्या. ही गावे खारपाणपट्ट्यातील असल्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला, कोणी बुरशीला दोष दिला, कोणी शाम्पूला. बावस्करांनी मात्र रक्त, लघवी आणि केस यांच्या नमुन्यांबरोबर घरातला रेशनचा गहूही तपासून घेतला. प्रमाणापेक्षा रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट सेलेनियम निघाले, जस्त कमी भरले. आणि गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. गहू धुऊन पाहिला तरी आकडा १३.६१ च्या खाली उतरला नाही, याचा अर्थ हे द्रव्य वरून बसलेल्या धुळीत नव्हते, दाण्याच्या अंगातच होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असा त्यांचा निष्कर्ष २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला.

बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१७ साली शोधलेले हे मूलद्रव्य विष म्हणून टाकून देण्याजोगे नाही. पेशींचे रक्षण करणारी कित्येक प्रथिने आणि कंठस्थ ग्रंथीचे कार्य यावाचून चालत नाही. प्रौढ माणसाला दिवसाकाठी ४० मायक्रोग्रॅम पुरेसे, आणि ४०० च्या पलीकडे नित्य सेवन झाले तर अपाय, एवढीच काय ती त्याची मर्यादा. देह ते स्वतः निर्माण करीत नाही. पीक ते मातीतून शोषते आणि आपण पिकातून. म्हणून एकाच चीन देशात केशान परगण्यात १९३५ साली त्याच्या अभावाशी निगडित हृदयविकार दिसून आला, तर हुपे प्रांतातील एन्शी येथे १९६० च्या दशकात त्याच्या अतिरेकाने लोकांचे केस व नखे गळाली. आपल्याकडे पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर भागांत शिवालिक डोंगरांतून वाहून आलेल्या गाळामुळे काही शिवारांत हे द्रव्य साठले आहे.

आता हिशेब मांडा. तपासलेल्या गव्हाचे तीनशे ग्रॅम पीठ एखाद्याने दिवसभरात खाल्ले, तर त्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते, म्हणजे त्या कमाल मर्यादेच्या दहापटीहून अधिक. ज्याच्या ताटात ज्वारीची भाकरी, बाजरी, डाळी, भाजी, कधी अंडे किंवा मासे असे नाना शिवारांचे अन्न येते, त्याच्या वाट्याला एका शेताचा दोष विभागून, विरळ होऊन येतो. ज्याला स्वस्त म्हणून एकाच दुकानाचा एकच गहू दोन्ही वेळा खावा लागतो, त्याचा देह त्या एका मातीच्या स्वाधीन होतो. मला या प्रकरणातले खरे दुःख येथे दिसते. रेशनचे धान्य गरिबाचा आधार आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी गोदामाच्या दारातच, नमुन्यानिशी, झाली पाहिजे. कुटुंबाच्या डोक्याचे केस हे तपासणीचे साधन होता कामा नये. ज्वारी रेशनवर मिळावी, हीही माझी आग्रहाची मागणी आहे.

देहातील सेलेनियमच्या प्रमाणात राहणीचाही हात असतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात सेलेनियम कमी आढळते, दीर्घकाळच्या मद्यपानाने ते घटते. आणि या उणिवेवर जाहिराती वाचून गोळ्या घेणे हा उपाय नव्हे. २००८ साली अमेरिकेत चुकीच्या प्रमाणात बनलेल्या एका पूरक पेयामुळे २०१ जणांना विषबाधा झाली. त्या पेयात लिहिल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम होते, आणि तेथेही माणसांचे केसच गळाले.

शेगावच्या बहुतेकांना पुढे केस परत आले, पण एप्रिलच्या सुमारास काहींची नखे गळू लागली. नख मुळापासून वाढत महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरते, म्हणून आरंभीच्या दिवसांतला भार त्यात उशिराने उघड होतो. मात्र या साऱ्यासाठी, जिथून तो गहू आला असावा त्या पंजाबातल्या कास्तकाराकडे बोट दाखवू नका. त्याच्या घरातही तोच गहू दळला जातो, आणि त्याच्या जनावरांचे खूर त्याच चाऱ्याने दुखावतात. लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील संशोधनानुसार जिप्सम जमिनीत घातला की गंधक वाढते आणि पीक सेलेनियम कमी उचलते. तो जिप्सम वेळेवर त्याच्या बांधापर्यंत पोहोचविण्याची तजवीज सरकारने करावयाची आहे.