पन्नास रुपयांत किती वडापाव?

आज गणित. थांबा, लगेच एपिसोड बदलू नका, सुरुवात वडापावनेच करतोय.

मी सातवीला शिकवतो. परवा फळ्यावर लिहिलं: खिशात ५० रुपये, वडापाव १५ रुपयांना, बससाठी १० रुपये राखून ठेवायचे. किती वडापाव घेता येतील? पोरं ओरडली, "दोन!" म्हटलं, एकच घेतला तर? आणि शून्य? वर्ग गप्प. मग मागून आवाज आला, "चालेल की सर. पण परीक्षेत लिहायचं काय?"

खरी गोम हीच. आतापर्यंतच्या समीकरणांना एकच उत्तर असायचं. असमानतेला उत्तरांचा अख्खा पट्टा असतो. १५क्ष + १० ≤ ५०, म्हणजे १५क्ष ≤ ४०, म्हणजे क्ष ≤ २.६६... पाऊण वडापाव कोणी विकत नाही, म्हणून ०, १ किंवा २. तिन्ही बरोबर. आणि चिन्हाखालची ती रेघ? मतदानाला वय ≥ १८ लागतं. १८ पूर्ण झालेलाही चालतो, म्हणून रेघ.

आता एक कबुली. गेल्या वर्षी मी फळ्यावर लिहिलं होतं: ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं. एका मुलीने विचारलं, "का?" मी म्हटलं, "नियम आहे, पाठ कर." तिने पाठ केलं, पेपरात मार्कही मिळवले. पण त्यानंतर वर्षभर तिने हात वर केला नाही. ते मला अजून टोचतं.

यंदा नियम सांगितलाच नाही. विचारलं, एकाकडे २ रुपये, दुसऱ्याकडे ५. श्रीमंत कोण? पाचवाला. आता तेच पैसे उधारी समजा. एकावर २ ची, दुसऱ्यावर ५ ची. बरा कोण? "दोनवाला!" झालं. २ < ५, पण −२ > −५. शून्यापाशी आरसा धरला की जे लांब उजवीकडे होतं, ते लांब डावीकडे जातं.

तरी शंका आली तर आकडा घालून बघा. −क्ष < ३ असेल, तर क्ष = −५ चालतं का? ५ < ३? नाही. −२? २ < ३, हो. म्हणजे क्ष > −३.

आज घरी धाकट्या भावंडाने "का?" विचारलं, तर "नियम आहे" म्हणू नका. ठाऊक नसेल तर म्हणा, "चल, आकडे घालून बघू."

भेटू पुढच्या भागात!