विद्यापीठाचा रंगमंच आणि गावाचा पार

(उमरगा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘विद्यापीठातील नाट्यशिक्षण आणि समाज’ या विषयावर मी बोलावे अशी आपली सूचना आहे. विद्यापीठ म्हटले की प्रवेश, परीक्षा आणि निकाल यांपलीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्यातून उमरगा हे विद्यापीठापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेले गाव. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा येथील बाजारात कानी पडतात. अशा गावाचा नाट्यशास्त्र विभागाशी संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच होय. संबंध निश्चित आहे. परंतु तो आजवर बराचसा एकेरी राहिला आहे, असे माझे मत आहे.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले गेले. या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९७० च्या दशकातच सुरू झाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांनी त्याच्या उभारणीत पुढाकार घेतला. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मागासलेला म्हणून ज्याचा उल्लेख करण्याची सर्वांना सवय झाली आहे, त्या मराठवाड्याने या एका बाबतीत वाट आधी धरली, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा हे विषय तेथे शिकविले जातात. परंतु विभागाचे खरे वेगळेपण त्याच्या शिक्षकवर्गात होते. ‘वाटा-पळवाटा’ हे दलित चळवळीतील अंतर्विरोधांचा धीटपणे वेध घेणारे नाटक लिहिणारे दत्ता भगत तेथे होते. तमाशाचा डोळसपणे अभ्यास करणारे रुस्तुम अचलखांब तेथे होते. त्याच विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. गावाच्या पारावरची कला अशा रीतीने विद्यापीठाच्या दारातून आत गेली. प्रबंध झाले. युवक महोत्सवात भारूड, पोवाडा, जलसा सादर होऊ लागले आणि आपल्या तालुक्यातील महाविद्यालयांची मुलेही तेथे हिरिरीने उतरतात.

मग उणीव कोठे आहे? ज्यांच्याकडून ही कला घेतली, त्यांच्या दारापर्यंत विद्यापीठ क्वचितच परत आले.

आपला जिल्हा तुळजाभवानीचा आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचा. गोंधळी, आराधी, पोतराज ही या भूमीची माणसे. लग्नानंतर घरी गोंधळ घातला जातो. चौक मांडतात, दिवटी पाजळतात, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर देवीला आवाहन होते आणि मग आख्यान रंगते. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन वाद्ये, एकाचा आवाज बारीक तर दुसऱ्याचा जाड. त्याचा हात बापाशेजारी बसूनच शिकावा लागतो. कोठे थांबावे, श्रोते पेंगू लागले की कोणता विनोद पेरावा, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पूर्वी रात्रभर चालणारा गोंधळ आता पुष्कळ घरी तास-दीड तासात उरकतात. आख्यानच पुरे होत नसेल, तर ते मुलाच्या कानावर पडावे कसे?

या कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना १९५४-५५ पासून आहे. राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा श्रेणींनुसार वेगवेगळे असलेले मानधन २०२४ मध्ये सर्वांना दरमहा ५,००० रुपये असे समान करण्यात आले. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतास अर्ज करता येतो. अर्जासोबत कलेचा पुरावा जोडावा लागतो, आणि नेमके येथेच घोडे अडते. शहरातील हौशी नटाजवळ छापील पत्रके, वर्तमानपत्रातील कात्रणे, छायाचित्रे असतात. जन्मभर देवळाच्या ओवरीत गाणाऱ्या आराधीण बाईजवळ काय असणार? परडी आणि कवड्यांची माळ! ती कार्यालयाच्या टेबलावर ठेवून भागत नाही. टेबलापलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याचाही यात दोष नाही, कारण तो कागद पाहूनच निर्णय करणार.

विद्यापीठाचा उपयोग अशा ठिकाणी आहे. नाट्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून एका कलावंताची नोंद करावी. कोणती आख्याने व पदे येतात, ती कोणाकडून शिकली, कोणकोणत्या गावी सादर केली, हे लिहून घ्यावे आणि एक आख्यान संपूर्ण ध्वनिमुद्रित करावे. त्याची एक प्रत विभागाकडे, एक ग्रामपंचायतीकडे आणि एक त्या घरी राहावी. निर्णय अर्थातच निवड समितीचा. पण विभागप्रमुखांच्या सहीची अशी नोंद समितीस सहजासहजी बाजूला ठेवता येणार नाही. धाराशिव येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. त्याच्यामार्फत हे काम आखता येईल.

शिक्षक बंधुभगिनींसाठीही एक सूचना आहे. स्नेहसंमेलनात मोठमोठ्या ध्वनिवर्धकांवर चित्रपटगीत लावून मुलांना नाचविण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. मुलांनी नाचू नये असे कोण म्हणेल? परंतु गावात संबळ वाजविणारा असताना त्याला शाळेत एक दिवसही बोलावले जात नाही, याची मात्र खंत वाटते. नाट्यशास्त्राचा एखादा पदवीधर आणि गावातील एक जाणता कलावंत यांनी मिळून मुलांकडून आठवडाभर तयारी करून घेतली, तर दोघांच्याही विद्येचे चीज होईल.

सभागृहाचा प्रश्न कोणी ना कोणी काढतोच. चांगला रंगमंच हवा, याबद्दल दुमत नाही. पण त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना, भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा परिसर उद्ध्वस्त केला. सास्तूर त्या वेळी आपल्याच तालुक्यात होते. उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसली, घरे पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पार मात्र जुन्या जागी राहिला. अशा गावांत संध्याकाळी शाळेचे पटांगण उघडे ठेवले तरी पुष्कळ काम होईल. २०१७ च्या एप्रिलमध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या जिल्ह्यात भरले होते. तोही मांडव मोकळ्या जागेतच होता आणि रसिकांची वाण पडली नाही.

ग्रामपंचायत सदस्यांनी प्रथम आपापल्या गावातील कलावंतांची यादी करावी. नाव, वय, कला आणि गुरू एवढे चार रकाने पुरेत. नोंदीसाठी नवरात्राचे दिवस मात्र निवडू नयेत, कारण तेव्हा ही मंडळी तुळजापूरच्या वाटेवर असतात. कोजागरी पौर्णिमेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस सोयीचे आहेत. लग्नसराई सुरू झालेली नसते, कलावंत घरी भेटतात आणि विद्यार्थीही दिवाळीच्या सुटीत गावी आलेले असतात.